घरबसल्या पास झालेली ती आणि नापास झालेली मी

मित्रांनो, मी शाळेची एक जुनी पिवळी व्हॅन आहे आणि मला नापास केलं होतं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण आमच्या नंदनवन वस्तीत माझ्याविषयी एवढंच बोललं जातं. पुढचं कुणी सांगत नाही. ते मला सांगायचं आहे. सांगता सांगता माझा आवाज चढला तर चढू द्या.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी पांढरी होते. माझ्या मालकांनी, देवाजींनी, मला घेतलं आणि लगेच पेंटरकडे नेऊन पिवळं करवून घेतलं. खिडक्यांना आडव्या सळ्या बसवल्या, टपावर दप्तरांसाठी कॅरियर लावलं. तेव्हापासून मी लेकरांची झाले. सकाळी अर्धवट झोपेतली मुलं एकमेकांच्या खांद्यावर डोकी टेकून जायची. दुपारी परतताना तीच मुलं असा गोंधळ घालायची की माझा हॉर्नसुद्धा ऐकू येत नसे. माझ्या सीटखाली संत्र्याच्या साली सापडायच्या, पेन्सिलींचे तुकडे सापडायचे, एकदा तर कुणाचा तरी पडलेला दात सापडला. मला त्या पसाऱ्याचा कधी कंटाळा आला नाही.

मग देवाजींच्या डोळ्यांवर साखरेच्या आजाराने घाला घातला. एके दुपारी चौकातला दिवा लाल आहे की हिरवा, हेच त्यांना कळेना. त्यांनी मला हळूच कडेला घेतलं, ओळखीच्या एका चालकाला फोन करून बोलावलं आणि त्याच्या हातून मुलं घरी पोचवली. घरी आल्यावर किल्ली बायकोच्या, पुष्पलताबाईंच्या, हातात ठेवली.

"आता तू चालव वं," ते म्हणाले. "मी नाही बसत आता स्टेअरिंगवर. आत लेकरं राहतात."

पुष्पलताबाईंचं माहेर कुही गावाकडचं. लग्नाआधी त्यांनी धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांमध्ये, वडिलांचा ट्रॅक्टर चालवला होता, त्यामुळे चाक हातात धरायची त्यांना भीती नव्हती. त्या रीतसर शिकल्या, परवाना काढला आणि साडीवर खाकी शर्ट चढवून माझ्या पुढच्या सीटवर बसल्या. सुरुवातीला शाळेच्या फाटकाशी उभे असलेले चालक हसले. मुलं मात्र हसली नाहीत. त्यांनी देवाजीकाकांच्या जागी पुष्पाकाकू म्हणायला सुरुवात केली, इतकंच.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या गाडीला दरवर्षी तपासणी द्यावी लागते. आमच्याकडे तिला 'पासिंग' म्हणतात. ब्रेक लागतात का, दिवे लागतात का, धूर किती निघतो, हे सगळं बघतात आणि मगच वर्षभर मुलं बसवायची परवानगी मिळते. हा नियम चांगला आहे. मला त्या दिवसाचा अभिमानच वाटायचा. पुष्पलताबाई मला आदल्या दिवशी घासून धुवायच्या आणि आम्ही जुन्या मैदानावर जायचो.

यंदा त्या मैदानाच्या फाटकाला कुलूप होतं. शेजारच्या चहावाल्याने सांगितलं, "इथलं बंद झालं ना ताई. आता मशीनवाला सेंटर झाला. शहराच्या बाहेर."

"बाहेर म्हणजे कुठं गा?"

"तिकडंच. रिंग रोड ओलांडून जा अन् विचारा कोणाले."

आम्ही रिंग रोड ओलांडला. मोबाइलच्या नकाशाने आम्हाला एका वीटभट्टीवर नेऊन सोडलं. भट्टीवरच्या माणसाने हात उलट्या दिशेला केला. त्या दिशेला एक गोदाम होतं, तिथल्या चौकीदाराने आणखी पुढे पाठवलं. वाटेत कुठेही एक साधी पाटी नव्हती. ज्या जागी प्रत्येक शाळेच्या गाडीने गेलंच पाहिजे असा कायदा आहे, त्या जागेकडे बोट दाखवणारा एक फलकसुद्धा लावू नये? उन्हाने माझा टप तापला होता आणि पुष्पलताबाई काचेबाहेर डोकं काढून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होत्या.

अखेर केंद्र सापडलं. फाटकाशी पोचत नाही तोच एक माणूस खिडकीशी आला. पायात चकचकीत बूट, कानाला फोन.

"ताई, इतक्या दुरून गाडी काहून आणली? फक्त कागद पाठवायचे ना. गाडी घरी राहते, पास होऊन जाते."

"गाडी न पाहता कशी पास होते?"

तो हसला. "सगळ्यांची होऊन राहिली ना."

"मले सगळ्यांसारखी नाही करायची," पुष्पलताबाई म्हणाल्या आणि त्यांनी काच वर केली. मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या चालकाचा फार गर्व वाटला.

पण लगेचच जे दिसलं त्याने माझं डोकं फिरलं. रांगेत माझ्यापुढे एक कोरी पिवळी व्हॅन उभी होती. टायर नवे, सीटवरचं प्लॅस्टिकही काढलेलं नाही. तिच्या मागे जी नंबर प्लेट होती, ती तारेने बांधलेली होती. आणि तो नंबर मी रोज बघते. तो जितेंद्रच्या व्हॅनचा नंबर होता. जितेंद्रची व्हॅन शाळेच्या फाटकाशी रोज माझ्या शेजारी उभी राहते. तिचं मागचं दार दोरीने बांधलेलं असतं, तिच्या सायलेन्सरमधून काळा धूर निघतो. ती ही नव्हती.

पुष्पलताबाईंनीही ते पाहिलं. त्या खाली उतरून केंद्राच्या खिडकीत कागद घ्यायला बसलेल्या माणसाकडे गेल्या.

"भाऊ, या गाडीचा नंबर दुसऱ्या गाडीचा आहे. ती गाडी मी ओळखते. ती आता मुलं घेऊन शाळेत गेली असंल."

त्याने मान वर केली नाही. "तुमी तुमच्या गाडीचं पाहा ताई."

कोरी व्हॅन यंत्रावर चढली, उतरली आणि पास होऊन गेली. मग मला बोलावलं.

माझी चाकं लोखंडी रोलरवर चढवली. रोलर फिरू लागले, पुष्पलताबाईंनी ब्रेक दाबला. ब्रेकने पुढची चाकं नीट धरली. मागची धरायची वेळ आली आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली. मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक कमी पडत होता. मी नापास.

मी संतापले. मला? इतकी वर्षं जिने एका मुलाच्या गुडघ्याला खरचटू दिलं नाही, तिला नापास? आणि ती तारेची प्लेट लावलेली पास? मला वाटलं यंत्रच विकलं गेलेलं आहे. पुष्पलताबाईंनी मला तिथून सरळ प्रीतमच्या गॅरेजमध्ये नेलं.

प्रीतमने चाक काढलं, ब्रेकचा ड्रम उघडला. आतलं सगळं तेलकट झालं होतं. ब्रेकचं तेल आतल्या आत झिरपत होतं आणि बाहेरून एक थेंबही दिसत नव्हता.

"बरं झालं आणली," तो म्हणाला. "अजून काही दिवस असंच चाललं असतं तं उतारावर गाडी एका बाजूले ओढली असती."

पुष्पलताबाई गॅरेजमधल्या स्टुलावर बसून राहिल्या. "अन् मी रोज लेकरं बसवून राहिली होती यात," एवढंच त्या म्हणाल्या.

माझा अर्धा राग तिथेच विरला. यंत्र खरं बोललं होतं. मला स्वतःलाच कळलं नव्हतं ते त्याने ओळखलं होतं. पण उरलेला अर्धा राग मात्र दुप्पट झाला. माझ्यासारख्या रोज पुसल्या जाणाऱ्या गाडीच्या पोटात हा दोष निघतो, तर जी यंत्रावर चढलीच नाही, तिच्या पोटात काय असेल?

त्या संध्याकाळी पुष्पलताबाईंनी एकूण एक पालकाला फोन केला. दुसरी कुणी असती तर 'गाडीचं किरकोळ काम निघालं' म्हणून मोकळी झाली असती. त्यांनी खरं ते सांगितलं. "गाडी नापास झाली, ब्रेकमध्ये खराबी निघाली. दुरुस्त करून पास झाल्याशिवाय मी लेकरं नाही बसवत."

देवाजी खाटेवरून ऐकत होते. "बरोबर केलं," ते म्हणाले. "पण आता पाहा, लोक काय करतात."

लोकांनी काय केलं ते ऐका. माझं काम झालं, मी पुन्हा त्याच रोलरवर चढले आणि या वेळी चारही चाकांनी नीट धरलं. प्रमाणपत्र काचेवर लावून आम्ही सकाळी निघालो. पहिल्या घरासमोर हॉर्न दिला, कुणी आलं नाही. दुसऱ्या घरासमोर दामिनी उभी होती. तिची लेक पायल नेहमी माझ्या पहिल्या खिडकीशी बसते.

"ताई, राग नका मानू," दामिनी म्हणाली. "पायल आता जितेंद्रभाऊच्या गाडीत जाते. सगळ्यायनं तसंच ठरवलं. नापास झालेल्या गाडीत पोरगी पाठवाले भेव वाटते ना."

"अवं, पण आता पास झाली ना. अन् त्यायची गाडी तं सेंटरवर गेलीच नव्हती. मी डोळ्यानं पाहिलं. नंबर त्यायचा, गाडी दुसरीच."

दामिनीने नजर वळवली. ती काय समजली ते मला कळलं. गिऱ्हाईक गेलं म्हणून बाई जळते आहे.

शाळेच्या फाटकाशी पुष्पलताबाईंनी जितेंद्रला गाठलं. तो गाडीला टेकून तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळत उभा होता. त्याच्या गाडीतून माझी मुलं उतरत होती, एकेका सीटवर दाटीवाटीने बसलेली.

"भाऊ, गाडी खरंच दाखवून आणा. हात जोडते."

"कागद आहे ना माझ्यापाशी. पास लिहिलं आहे त्यावर."

"कागद ब्रेक मारते का?"

"ताई, तुमची नापास झाली, माझी पास झाली. आता लोक कोणाच्या गाडीत बसतीन?" तो हसून म्हणाला आणि आजूबाजूचे चालकही हसले.

पुष्पलताबाई तशाच मुख्याध्यापिका श्वेता मॅडमकडे गेल्या. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शांतपणेच सांगितलं की दोन्ही गाड्यांची कागदपत्रं बरोबर आहेत, शाळा आणखी काय करणार. बाहेर येऊन त्या माझ्या सीटवर बसल्या आणि दार इतक्या जोरात ओढलं की माझी काच थरथरली. इतक्या वर्षांत त्यांनी माझं दार असं कधी आपटलं नव्हतं. मला वाईट वाटलं नाही. मला हात असते तर मीही काहीतरी आपटलं असतं.

कित्येक दिवस मी जवळजवळ रिकामी धावले. रिकामी गाडी फार खडखडते, मित्रांनो. पुष्पलताबाई दुपारी धरमपेठेतल्या एका दुकानाचा माल पोचवू लागल्या. पायलच्या खिडकीशी कापडाचे गठ्ठे बसू लागले. खरं बोलण्याची ही शिक्षा होती, आणि खोट्याला बक्षीस म्हणून गाडी भरभरून मुलं.

मग एका संध्याकाळी दामिनी आमच्या अंगणात आली. पायलला तिने हाताला घट्ट धरलं होतं.

"सांग काकूले," ती म्हणाली. "मले सांगितलं तेच सांग."

पायल म्हणाली, "जितूकाका ब्रेक मारायच्या आधी ओरडते. 'पकडा रे सगळे!' मग आम्ही समोरची सीट पकडतो. मग ते दोन-तीनदा पाय दाबते, मग गाडी थांबते. छोट्यायले आम्ही मोठे पकडून ठेवतो. गंमत राहते."

देवाजी खाटेवर उठून बसले. दामिनीच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ते गंमत समजून राहिले ताई," ती म्हणाली. "रोज. अन् मी म्हटलं तुमी जळता."

पुष्पलताबाईंनी तिला एका शब्दाने टोचलं नाही. त्या म्हणाल्या, "तुमी अन् मी मिळून घरोघरी जाऊ. मी एकटी बोलली तं कोणी नाही ऐकत."

दोघी गेल्या. पायलने प्रत्येक दारात तेच सांगितलं. काही आयांनी ऐकताक्षणी मुलांना माझ्याकडे धाडलं. काही म्हणाल्या, बघू. काही म्हणाल्या, कागद आहे ना त्याच्याकडे. दोघींनी मिळून लेखी तक्रारही दिली. ती पोचल्याचा शिक्का मिळाला, त्यापुढे अजून काही मिळालेलं नाही.

पायल आता पुन्हा माझ्या पहिल्या खिडकीशी बसते. माझी निम्मी मुलं परत आली आहेत. निम्मी नाहीत. रोज सकाळी जितेंद्रची गाडी आमच्या पुढे जाते. तिच्या मागच्या काचेतून छोटे मला हात हलवतात. पुढे वळण येतं, तिच्या आतून आरोळी येते आणि ती सगळी डोकी एकदम खाली वाकून समोरची सीट धरतात. पुष्पलताबाई तेव्हा स्टेअरिंग इतकं घट्ट आवळतात की मला दुखतं. ती माझी लेकरं आहेत. आणि मी मागून नुसती बघते.

म्हणून, मित्रांनो, मोठ्यांनी विचारलं नाही तर तुम्ही विचारा. उद्या सकाळी तुमची गाडी दाराशी येईल. चढण्याआधी चालकाला विचारा: काका, आपली ही गाडी, हीच गाडी, तुम्ही स्वतः तपासून आणली का? ब्रेक एकदाच दाबल्यावर थांबते का? नीट उत्तर मिळालं तर खुशाल चढा. नाही मिळालं तर पाय वर टाकू नका, घरात परत जा आणि आईला सांगा. तुम्हाला उशीर होईल, काकांना राग येईल. येऊ द्या.