रखमाबाईच्या हातची हळद

मुर्धा गावात लग्न ठरलं की पहिलं बोलावणं रखमाबाईला. ती धवलारीण. आगऱ्यांच्यात भटजी थोडा उशिरा आला तरी चालतं, पण धवलारणीने धवले गाऊन नवरीला पहिली हळद लावल्याशिवाय पुढचं काही हलत नाही. अर्ध्या गावाच्या अंगाला तिच्या हातची हळद लागलेली. मग तिच्या हातांवर आणि कोपरांवर लाल चट्टे उठले, वर पांढरे पापुद्रे धरले, आणि बोलावणी थांबली. तोंडावर कोणी बोललं नाही हो! "रखमाआय, तुम्हाला आता कशाला त्रास," असं गोड बोलून बायका शेजारच्या राई गावची धवलारीण आणायला लागल्या. ज्यांना हिने पाटावर बसवलं होतं, त्याच ह्या बायका.

मीरा रोडच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, "मावशी, हा सोरायसिस. कोणाला लागत नाही. मुळापासून जातही नाही, पण ताब्यात राहतो. गोळ्या-मलम चुकवायचं नाही, मशेरी बंद, तळलेलं-गोड कमी, वजन उतरवा, आणि खाजवायचं नाही." मग विचारलं, "घरात अजून कोणाला होतं?"

"न्हाय," रखमाबाई म्हणाली.

परत येताना रिक्षात तिला बापाचे पाय आठवले. बाप मिठागरावर राबायचा. त्याचे गुडघे नि नडग्या अशाच सोलवटलेल्या असायच्या. मिठाने पाय खाल्ले, असं तेव्हा सगळे म्हणत, मिठागरावरच्या कोणाच्याही पायांबद्दल म्हणत. रखमाबाईने ते कोणाला सांगितलं नाही.

त्यातच तिच्या नातीचं, चांदणीचं, लग्न ठरलं. मुलगा नवघरचा, चांगल्या नोकरीतला. सून मनोरमा भाजी निवडता निवडता म्हणाली, "आई, हळदीला राईची बाई सांगतोय. तुमच्या हातांना बघून नवऱ्याकडचे काय म्हणतील?"

"नि हात साफ झाले तं?"

"मग बघू."

एवढ्या 'मग बघू'वर बाईने कंबर कसली. मशेरी सोडली. लग्न होऊन आल्यापासून मशेरी लावल्याशिवाय तिची सकाळ झाली नव्हती. पहिले काही दिवस डोकं नुसतं ठणकायचं आणि घरात जो समोर येईल त्याच्यावर ती खेकसायची. मच्छी सोडा असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या नव्हत्या, उलट खा म्हणाल्या होत्या. पण गावाचं ठाम मत, मच्छीनेच खाज वाढते. गावाचंच तोंड बंद करायचं होतं, मग गावाचंही पथ्य पाळायला हवं. घरात बोंबील तळले जायचे आणि ही बया कोपऱ्यात बसून दुधी गिळायची. पहाटे खाडीच्या रस्त्याने चालून यायची. खाज सुटली की दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची. जीव नकोसा व्हायचा, पण हात वर काढायची नाही.

थंडी सरता सरता हात निवळले. कोपरंही साफ झाली. रखमाबाईने दोन्ही हात सुनेपुढे धरले. मनोरमाने उलटसुलट करून पाहिले, आणि म्हणाली, "झाले खरे साफ. पण आता राईच्या बाईला नाही कसं सांगायचं?"

त्या दिवशी रखमाबाई रडली. ज्या घरासाठी तिने तोंडाची चव घालवली, त्या घरालाच तिचे हात नको होते. याचा तिला फार राग आला. तरी तिने पथ्य मोडलं नाही.

हळदीच्या दिवशी दुपारी मंडपात डीजेवाला स्पीकर लावत होता, तेवढ्यात मनोरमा चांदणीला घेऊन सासूच्या खोलीत आली आणि आतून कडी लावली. "आई, हळद तुम्हीच लावा. राईच्या बाईला मी फोन करून नको सांगितलं."

रखमाबाईला भरून आलं. देव आहे म्हणायचा! ती बोलायला जाणार, तोच मनोरमाने पोरीची लांब बाही वर सरकवली. कोपरावर लाल चट्टा होता. वर पांढरे पापुद्रे.

"कवापासून?"

"दिवाळीपासून," चांदणी खाली बघत म्हणाली. "मला वाटलं, ऑफिसात टेबलावर कोपर टेकून बसते म्हणून असेल."

मनोरमा म्हणाली, "परकी बाई हात चोळेल आणि गावभर बोंब मारेल. तुम्ही घरच्या. जाड लावा, झाकून जाईल."

"त्या पोराला सांग आधी," रखमाबाई म्हणाली. "मनोरमा, लपवू नको. हा रोग लागत न्हाय."

"तुमचाही लागत नव्हता ना? मग गावाने काय केलं तुमचं?"

सुनेने काय केलं, हेही रखमाबाई म्हणू शकली असती. पण आपणही बापाचे पाय पोटात ठेवले, वेळेत बोललो असतो तर पोर दिवाळीतच डॉक्टरीणबाईकडे गेली असती, हे तिला डाचत होतं. चांदणीने तिचा पदर धरला. "आजी, मलापण सगळं सोडावं लागेल?"

"लगीन होऊ दे. मग मी तुला घेऊन जाते मीरा रोडला," आजी म्हणाली. तिला स्वतःचीच लाज वाटली.

नवघरच्या बायका नवऱ्याची उष्टी हळद घेऊन आल्या आणि पाटाला खेटूनच बसल्या. रखमाबाईने धवला धरला. आवाज अजून तसाच होता, खणखणीत. समोरच्या काशीनाथची बायको शेजारणीला म्हणाली, "बघ की म्हातारीचे हात, कसे पोरीसारखे झालेत." मग पुढे वाकून म्हणाली, "रखमाआय, आमच्या पोरीलाबी तुम्हीच लावा हां हळद."

रखमाबाईने मान हलवली. पंख्याच्या वाऱ्याने हळद भराभर वाळत होती, आणि कोपरावरची आधी तडकत होती. ती गात राहिली, आणि तिथली हळद सुटायला लागली की वरून आणखी लावत राहिली.