आत्मारामांच्या कोळंब्या

"स्प्रे कुणी मारला? आधी ते सांगा!"

आत्माराम घागांचा आवाज असा चढला की समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं. हॉलमधल्या काचेच्या टाकीसमोर ते उकिडवे बसले होते आणि त्यांच्या तळहातावर नखाएवढ्या दोन लाल कोळंब्या मरून पडल्या होत्या.

"मी मारलेलाच नाही, बाबा," सून स्वाती ओट्यापाशी उभी राहून म्हणाली. "झुरळं डोक्यावर नाचतायत, तरी महिना झाला डब्याला हात लावला नाही. तुमच्या टाकीपायी."

"मग ह्या काय हौसेनं मेल्या?"

टाकीची कथा अख्ख्या बिल्डिंगला तोंडपाठ होती. आत्मारामांनी बत्तीस वर्षं हाटकेशच्या कारखान्यांतल्या एका गाळ्यात लेथवर तांब्या-पितळेचे पार्ट कापले. रिटायर झाले आणि वर्षाच्या आत बायको सुलू गेली. घर खायला उठलं तेव्हा त्यांनी ही टाकी आणली. थोडे मासे, आणि चाळीस लाल कोळंब्या. त्या दिवसभर पुढच्या पायांनी काहीतरी टिपत बसायच्या आणि आत्माराम त्यांच्याकडे बघत बसायचे. एवढंच, पण त्यावर माणूस पुन्हा जेवायला लागला होता.

मग चैत्रात माशांवर पांढरे ठिपके आले. मुलाने, नीरजने, कुठूनसं निळं औषध आणून टाकीत ओतलं. मासे टुणटुणीत झाले आणि कोळंब्या दुसऱ्या दुपारपर्यंत सगळ्या आडव्या. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं की त्यात तांबं आहे. माशाला ते मापात चालतं, कोळंबीला थेंबभरही जहर. तरी आत्मारामांनी गिळलं असतं. पण नीरज बोलून गेला, "झिंगेच ना, बाबा? संध्याकाळी पाव किलो आणतो."

आठ दिवस आत्माराम पोराशी बोलले नाहीत. मीठ हवं असलं तर भिंतीला सांगायचे.

त्यानंतर दोन महिने नुसती धुलाई. स्टेशनजवळच्या शोभेच्या माशांच्या दुकानातल्या जितेशने सांगितलं होतं, "काका, दवा खाली पानी में नहीं है. रेती में, स्पंज में, काँच के जोड में बैठेली है." म्हणून मासे जितेशकडे गेले, रेती कचऱ्यात गेली, स्पंज गेला, फिल्टरमध्ये कोळशाची पुरचुंडी आली. दर तिसऱ्या दिवशी अर्धं पाणी काढायचं आणि नळाचं भरायचं, त्यात क्लोरीन मारायचे थेंब टाकायचे. शेवटी जितेशने पाणी तपासलं. तांबं शून्य. मगच रविवारी ट्रायलला पाच कोळंब्या आल्या. ह्या जगल्या तर आणखी मिळणार होत्या, आणि ह्याही मेल्या तर टाकी माळ्यावर, असं आत्मारामांनी स्वतःच्या तोंडाने जाहीर केलं होतं. आता बुधवार, आणि दोन गेल्या होत्या.

"उदबत्ती लावलीस? फिनेल?"

"नाही, नाही, नाही! किती वेळा सांगू?"

"खोटं बोलू नकोस, स्वाती! नवऱ्याने चाळीस मारल्या, तू दोन. एकदा मलाच त्या स्प्रेने मारा, म्हणजे सुटाल!"

स्वातीने हातातली पळी ओट्यावर आपटली. "आईंच्या आजारपणात दीड वर्ष मी रजा काढून काढून केलं, बाबा. तेव्हा मी खोटी नव्हते. उद्या सकाळी मी रोह्याला माहेरी जाते. तुमच्या कोळंब्या सुखानं नांदू देत इथे."

आत्मारामांनी बाटलीत टाकीचं पाणी भरलं, चपला अडकवल्या आणि तणतणत जितेशचं दुकान गाठलं. पुरावा हवा होता त्यांना. स्प्रेचा.

जितेशने नळीत थेंब टाकले आणि नळी उजेडात धरली. पाण्याला रंग चढला. "स्प्रे का मेरे को नहीं मालूम, काका. पण इसमें ताँबा है. फिरसे."

"शक्यच नाही! बाटलीतलं काही टाकायचंच नाही अशी मी शपथ घेतलीय. रविवारपासून थेंबसुद्धा बंद केले. पाणी रातभर झाकून ठेवतो, शिळं करतो आणि सकाळी ओततो. एकदम शुद्ध!"

"किसमें रखते हो?"

बाटली तिथेच विसरून आत्माराम दुकानाबाहेर पडले. बत्तीस वर्षं तांबं कापलेला माणूस. त्यांना रिक्षाही सुचली नाही, ते भर उन्हात चालत घरी आले.

दाराशी स्वातीची बॅग भरून ठेवलेली होती. ती मोरीत बसली होती आणि सुलूचा तांब्याचा हंडा चिंचेने घासत होती. सुलूने तो माहेरून आणलेला. त्यातलं पाणी प्यायल्याशिवाय ती सकाळी कुणाला चहा द्यायची नाही. थेंब बंद केल्यापासून आत्मारामांनी कोळंब्यांचं पाणी त्याच्यातच भरायला घेतलं होतं, कारण प्लॅस्टिकच्या बादलीतलं पाणी त्यांनी शत्रूलाही दिलं नसतं.

"उद्याचं पाणी भरून ठेवते," मान वर न करता ती म्हणाली. "माझ्यामागे विसराल."

आत्माराम मोरीच्या दारात येऊन उभे राहिले. एवढं तोडून बोललो आणि ही हंडा घासतेय! त्यांना संताप आला, आणि ह्या वेळी तो काढायला स्वतःशिवाय दुसरं माणूस नव्हतं.

"स्वाती, ठेव तो. तू नाही. मीच मारल्या." त्यांनी हंड्याकडे बोट दाखवलं. "तांबं."

स्वातीने हंड्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. समजायला तिला वेळ लागला नाही. ती हात धुऊन उभी राहिली.

"नीरज चुकला तेव्हा तुम्ही आठ दिवस बोलला नव्हतात," ती म्हणाली. "आता मी किती दिवस बोलायचं नाही?"

"आठ," आत्माराम म्हणाले. "एकही कमी नको. पण न बोलायला घरात राहावं लागेल तुला."

त्यांनी हंडा उचलला, कोरडा पुसला, शिडी लावली आणि माळ्यावर पार आत, सुलूच्या ट्रंकेमागे सरकवला. उतरताना गुडघा कळवळला, तरी कुणाला हाक मारली नाही. मग ते टाकीपाशी जाऊन बसले. तिघी जिवंत होत्या. एक कोपऱ्यात काहीतरी टिपत होती.

मोरीत नळ सुरू झाला. थोड्या वेळाने स्वाती आंघोळीची निळी बादली भरून घेऊन आली आणि हंड्याच्या जागी ठेवून गेली. पुन्हा आली ती झाकण घेऊन. बादलीवर तिने स्टीलचं ताट झाकलं, आणि एक शब्द न बोलता दाराजवळची बॅग उचलून आत नेली.