मोठेबाबांचा आवाज उघडत नाही

शेवटी मोठेबाबांचा आवाज वाजला. अकोल्यात, भर दुपारी, नगमा आपाच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर. आता हे झालंच नाही असं समजू. कारण त्याआधी बरेच दिवस आम्ही सगळे ते न झालेल्या अवस्थेतच राहत होतो, आणि तिथे आमचा चांगला जम बसला होता.

तर, मोठेबाबांचा आवाज वाजत नव्हता.

मोठेबाबा म्हणजे माझे मोठे काका, रामराव, मुक्काम भातकुली. शेती होतीच, पण त्यांची खरी ओळख माइकवाले. कौंडण्यपूरच्या जत्रेत हरवलेली माणसं त्यांच्या आवाजावर सापडायची. "अंजनगाव सुर्जीच्या सुंदराबाई, तुमचे मालक इथं माइकपाशी रडत बसले आहेत, येऊन घेऊन जावे." बाकीचं वर्ष ते गावातल्या घोषणा करायचे. त्या वर्षांत घोषणांना तोटा नव्हता. सोयाबीनला शेंगा आल्या नाहीत, पण पाहणी करायला पथकं आली. पथक येणार याची घोषणा, आज येणार नाही याची घोषणा, आलं होतं पण तुम्ही शेतात होता याची घोषणा. मग शेतकऱ्यांनी मन मोकळं करावं म्हणून एक फोन नंबर आला. त्यावर आधी रेकॉर्ड केलेली एक बाई बोलायची. मधे कोणी बोललं की ती पहिल्यापासून सुरू व्हायची. म्हणून मोठेबाबांनी सलग आठवडाभर माइकवरून सांगितलं होतं, "बाई बोलत असताना मधे बोलू नये. शांत राहावे. पाळी येईपर्यंत लाईन सोडू नये."

पुढे त्यांच्या घशात गाठ निघाली. अमरावतीच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं आणि गाठीबरोबर आवाजाची पेटीही काढावी लागली. ऑपरेशन छान झालं असं डॉक्टर म्हणाले. मोठेबाबांनी मान हलवली. आम्ही त्यांना पाटी आणून दिली. पाटीवरही ते घोषणाच लिहायचे. 'कौसल्याबाई यांनी चहा ठेवावा.'

कौसल्याबाई म्हणजे माझी मोठीमाय. ती चहा ठेवायची आणि पाटी पुसून टाकायची. एकदा पुसताना त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "अक्षर चांगलं हाये यायचं. पन अक्षरानं घर भरत नाई."

तिला त्यांचा आवाज एकदा तरी ऐकायचा होता, आणि तो कुठेच नव्हता. जन्मभर हा माणूस दहा गावांना ऐकू जाईल असा बोलला, पण ते भरून ठेवावं असं कोणालाही वाटलं नाही. कोण वाहता नळ बाटलीत भरून ठेवतं? लग्नाच्या कॅसेटमध्ये ते भरपूर बोलताना दिसतात, पण फोटोग्राफरने वरून सनई टाकली आहे.

अशात पुण्याहून प्रणालीताईचा, म्हणजे त्यांच्या मुलीचा, मला मेल आला. ती नोकरी सोडत होती आणि जुने मेल आवरत होती. तिच्या ऑफिसात टेबलावरचा फोन कोणी उचलला नाही तर मशीन बोलायला सांगायचं आणि बोललेलं सगळं मेलला बांधून पाठवायचं. तसा एक मेल तिला सापडला. ऑपरेशनच्या दिवशी सकाळचा, अमरावतीहून आलेला. ती तेव्हा बापाकडे यायला निघून गाडीत बसली होती आणि बाप तिच्या रिकाम्या खुर्चीला फोन लावत होता. ताईने लिहिलं होतं, 'बाबांचा आवाज असणार यात. माझ्या फोनवर उघडत नाही. ऑफिसचा कॉम्प्युटर परत दिला. तुझ्या फोनवर बघ.'

मी मोठीमायला सांगितलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती.

"यायचा आवाज? त्या फोनात हाये?"

"हाये म्हनते ताई."

"मंग काढ."

मोठेबाबा शेजारी खाटेवर बसले होते. त्यांनी पाटी उचलली. 'मी काही बोललो नाही.'

"तुमी काई बोलले नाई असं कधी झालं काय?" मोठीमाय म्हणाली आणि पाटी पुसली.

माझ्या फोनने सांगितलं की ही फाईल उघडण्यासाठी माझ्याकडे योग्य ते ॲप नाही. त्याच्या बोलण्यात दुःख नव्हतं. शेजारच्या शेषरावांच्या फोनने ती फोटो समजून उघडली आणि एक पूर्ण काळा फोटो दाखवला. मोठीमाय चष्मा लावून त्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"हा यायचा घसा असन," ती म्हणाली.

मग आम्ही तिघं अमरावतीला मोहसीनकडे गेलो. मोहसीन माझा कॉलेजचा दोस्त. बस स्टँडजवळ त्याचं मोबाईलचं दुकान आहे आणि जगात दुरुस्त न होणारी वस्तू नाही असं त्याचं मत आहे. काउंटरवर त्याने दुरुस्तीला आलेले फोन मांडले.

"चाची, बसा. दोन मिनटाचं काम हाये."

पहिल्या फोनने विचारलं, फाईल कशात उघडू? आणि कॅल्क्युलेटर, कॅलेंडर आणि टॉर्च असे पर्याय दिले. मोहसीनने टॉर्च दाबून पाहिला.

"टॉर्च काहून दाबला बे?"

"चान्स घेतला."

टॉर्च लागला. फाईल लागली नाही.

दुसऱ्या फोनसाठी त्याने एक नवीन ॲप उतरवून घेतलं. त्या ॲपने आधी केसांच्या तेलाची जाहिरात ऐकवली. मोठेबाबांच्या डोक्यावर केस नव्हते, पण त्यांनी पूर्ण ऐकली. माइकवाल्याने माइकवाल्याला दिलेला मान. मग ॲपने पाच तारे मागितले.

"दे ना बाप्पा त्याले तारे," मोठीमाय म्हणाली. "आपल्याले काय कमी पडून राह्यले."

तारे दिले. ॲप बंद पडलं.

तिसऱ्या फोनवर मात्र रेघ सरकायला लागली. वेळ पुढे जात होता. आवाज पूर्ण वाढवलेला होता. आम्ही चौघं काउंटरवर डोकी टेकवून ऐकत राहिलो. दुकानात आलेलं एक गिऱ्हाईक आम्हाला बघून गपचूप चप्पल घालून गेलं. रेघ शेवटाला पोचली.

"वाजलं," मोहसीन म्हणाला. "फक्त आवाज नाई आला."

"तसे तं हे घरी बी हायेत," मोठीमाय म्हणाली.

मोठेबाबांनी पाटीवर लिहिलं, 'म्हटले होते.' त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही.

मोहसीनने मग ती फाईल दुसऱ्या जातीची करून बघितली. त्यातून एक लांब शिट्टी निघाली. मोठीमायने ती लक्ष देऊन ऐकली, डोळे मिटून ऐकली, आणि मान हलवली. "नाई. हे असे वाजत नाईत."

मोहसीनचा चेहरा पहिल्यांदाच पडला. मग त्याला आठवलं की अकोल्याला त्याच्या मोठ्या बहिणीला, नगमा आपाला, त्याने एक फोन विकला होता. जुना. दुकानात कोणी घेत नव्हतं म्हणून तिला गोड बोलून दिलेला. "पन त्याच्यात सगळं वाजते यार. नाई वाजवलं तरी वाजते."

त्याने फाईल मेमरी कार्डात टाकून दिली. मी ते कार्ड खिशात ठेवलं. बस सुटल्यावर मोठीमाय म्हणाली, "इकडं दे." तिने ते पदराच्या गाठीत बांधलं आणि अकोल्यापर्यंत गाठीवर हात ठेवून बसली. शेजारी आख्खे मोठेबाबा खिडकीतून कपाशीची परहाटी बघत होते. त्यांच्यावर तिने हात ठेवला नाही. त्यांची हरवायची भीती नव्हती.

नगमा आपाने फोन दाखवला. काचेला इतके तडे होते की आत काय चाललंय ते अंदाजानेच कळायचं. बॅटरी संपलेली होती, कायमची. चार्जरला लावला तरच जिवंत, आणि तोही फक्त ओट्यावरच्या बोर्डात, वायरीला कपड्यांचा चिमटा लावून.

"कोई हिलना मत," आपा म्हणाली. "चिमटा हिला, तो गया. और लाइट का क्या भरोसा, लगाना है तो जल्दी लगाओ."

मी कार्ड घातलं. फाईल दाबली. काही विचारलं नाही, तारे मागितले नाहीत. वाजली.

आधी दवाखान्याचा आवाज. ढकलगाडीची चाकं. कोणीतरी शिंकलं. आणि मग मोठेबाबा, पूर्वीचे, भरघोस, कुकरच्या शिट्टीलाही ऐकू जाईल असे.

"हॅलो. रामराव बोलून राह्यलो, भातकुलीवाला. प्रणालीले द्या."

मोठीमायने ओट्याची कड धरली.

मग शांतता. नुसता श्वास.

"हं," आवाज म्हणाला. "थांबतो."

पुन्हा शांतता. तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिकडच्या मशीनने बाईच्या आवाजात इंग्रजीत 'बोला' म्हटलं असणार. आणि मोठेबाबा नियमाने वागत होते. बाई बोलली आहे, तर आपली पाळी येईपर्यंत मधे बोलू नये. लाईन सोडू नये. आवाजाची शेवटची सकाळ त्यांनी शांत राहण्यात घालवली होती.

"काहून थांबता?" मोठीमाय फोनला म्हणाली. "बोला ना."

"नाई नाई," फोनमधून आवाज आला, "घाई नाई. तुमचं होऊ द्या."

नगमा आपाच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. मोठीमायने एकदा मागे वळून खुर्चीतल्या मोठेबाबांकडे पाहिलं. त्यांनी पाटीने तोंड झाकलं होतं. ती पुन्हा फोनकडे वळली. तिला तिकडचा बोलणारा बरा वाटत असावा.

"माह्यं काय व्हाचं हाये," ती हळूच म्हणाली.

"आहे का कोनी?" आवाजाने विचारलं. माइकवर विचारायचे तसं नाही. हळू. हरवलेल्या माणसासारखं.

"आहो ना. हे काय, इथंच आहो. तुमाले त्या दिवशी मी सांगनार होती का—"

टुंग. रेघ संपली.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

पुन्हा लावलं. पुन्हा तो थांबला, पुन्हा घाई नाही म्हणाला, पुन्हा विचारलं, आहे का कोणी. या वेळी ती भराभर बोलली. "आहो ना इथंच आहो तुमाले त्या दिवशी मी सांगनार होती का डाक्टरनं—" टुंग.

तिसऱ्यांदा तिने 'आहो ना' गाळून पाहिलं. तरी मावलं नाही.

"मोठीमाय," मी म्हटलं, "मोठेबाबा इथंच बसले आहेत. त्यायले सांग ना."

"यायले काय सांगू? हे तं आइकूनच राह्यले. ज्यानं इचारलं त्याले सांगाचं हाये."

मोठेबाबांनी पाटीवर काहीतरी लिहिलं, बोटाने पुसलं, पुन्हा लिहिलं. 'हळू बोलावे. मी थांबलो आहे.' तिने ते वाचलं. या वेळी पाटी पुसली नाही. चौथ्यांदा लावायला सांगितलं, आणि मी हात पुढे केला तेवढ्यात लाईट गेली.

लाईट आल्यावर फोन सुरू झाला नाही. मेमरी कार्डात एक काळा फोटो सापडला. मोहसीन म्हणतो, दोन मिनिटांचं काम आहे.

परतीच्या बसमध्ये मोठेबाबांनी पाटी माझ्या मांडीवर ठेवली. 'अर्ज करावा.' त्या वर्षांत सगळ्या गोष्टींवर हाच उपाय होता, म्हणून मी केला.

प्रति,
मा. संबंधित अधिकारी (आवाज),
सर्व कंपन्यांचे फोन.

विषय : ध्वनिफितीच्या अखेरची शांतता वाढवून मिळणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयान्वये विनंती की, रामराव, मु. भातकुली, जि. अमरावती यांनी ऑपरेशनच्या दिवशी सकाळी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्यास त्यांच्या पत्नी तयार असून, 'आहे का कोणी' या वाक्यानंतर उपलब्ध असलेली शांतता सदर उत्तरास अपुरी पडत आहे. तरी ती एक वाक्य मावेल इतपत, मागील तारखेपासून, वाढवून देण्यात यावी. तोपर्यंत रामराव यांची लाईन तोडण्यात येऊ नये. ते थांबले आहेत.

सोबत : आवाज (उघडल्यास).