दोन ठोक्यांमधला वेळ

“ताई, पंखा बंद करू का? लाइट जावाना टाइम व्हयना.”

यशोधरा बैसाणेने मान वर केली नाही. लॅबचे शिपाई भटूनाना किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन दारात उभे होते. समोरच्या पडद्यावर ठिपक्यांची एक ओळ उमटायला हवी होती, सरळ, काळ्या आईत ओढलेल्या सरीसारखी; वेळेवर पोचलेल्या प्रत्येक संदेशाचा एक ठिपका. त्याऐवजी कुणी मोहरीचा डबा पालथा केल्यासारखे ठिपके जिकडेतिकडे उडाले होते. दसऱ्यानंतर रोज हेच चाललं होतं.

“आज बी नई का?” नानांनी हळूच विचारलं.

“नई ना नाना,” ती म्हणाली, आणि तेवढ्यात खरंच लाइट गेली. ठिपकेही गेले. तिला जरा बरंच वाटलं.

धुळ्याच्या देवपुरातल्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात यशोधरा मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. तासिका तत्त्व म्हणजे शिकवलेल्या तासाचे पैसे आणि न शिकवलेल्या तासाची बोलणी. कायम व्हायचं तर एम.ई. पाहिजे, आणि एम.ई. व्हायचं तर प्रबंध. मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा विद्यापीठ वाढवणार नव्हतं. आणि विभागप्रमुख रतिलाल चौधरी हेच तिचे मार्गदर्शक. वाईट माणूस नव्हता, पण लॅबमध्ये कुणाच्या हातून काही सांडलं की त्या माणसाचं त्या लॅबमधलं अन्नपाणी संपलं म्हणून समजायचं. मागच्या साली एका शिपायाने टेबलावर पाणी सांडलं तर सरांनी त्याला गेटवर उभं केलं. धुळ्याचं ऊन खाऊन तो बिचारा अजून तिथेच आहे.

“विषय बदला मॅडम,” चौधरी सर तिला म्हणाले होते. “एखादं लायब्ररीचं सॉफ्टवेअर करून टाका. कर्नलमध्ये हात घालायचं काय नडलंय तुम्हाला?”

नडलं काहीच नव्हतं. एका मासिकासोबत आलेल्या सीडीवर लिनक्स या संगणक-प्रणालीचा सगळा अंतर्भाग, म्हणजे तेच कर्नल, उघडा मिळाला, आणि यशोधराने तो उघडला, एवढाच गुन्हा. दुसऱ्याचं घड्याळ उघडून आत बघायची खोड तिला लहानपणापासून.

रविवारी ती भडगावला गेली तेव्हा वडिलांनी नेमकं तेच विचारलं. आधारआबा एसटीत कंट्रोलर होते. आता निवृत्त होऊन ओट्यावर बसतात आणि जाणाऱ्या प्रत्येक गाडीला उशिरा आली म्हणून शिव्या घालतात.

“तू करस तरी काय तथा? माले समजाड ना एक डाव.”

यशोधरा ओट्यावर त्यांच्याशेजारी बसली. “आबा, असं समजा, एक कंट्रोलर शे. तो डोळा मिटीसन बसस. दर दहा मिनिटले डोळा उघडस, ज्या ज्या गाड्यास्ना टाइम व्हयी गया त्या बठ्ठ्या संगेच सोडस, आनि परत झोपी जास.”

“हरामखोर शे मंग तो.”

“मशीनमा तसंच शे. सेकंदमा शंभर डाव डोळा उघडस.”

“शंभर डाव? मंग झोपस कव्हय?”

“मशीनना हिशोबमा ती लई मोठी झोप शे, आबा. दोन ठोक्यांमधे जो संदेश धाडाना व्हता, तो बसी ऱ्हास. मंग बठ्ठा गर्दी करीसन निघतस. मी काय करं, मशीनमा दुसरं एक बारीक घड्याळ शे, त्याले सांगं, बाबा, ज्या टाइमनी गाडी शे, नेमकं त्याच टाइमले याले उठाड.”

आबांनी मान डोलावली. लेकीने एसटीचं खातं सुधारलं असंच त्यांना वाटलं असावं. “मंग भारी काम व्हयनं! उठस का तो?”

“उठस. पन गाड्या तरी येळवर पोचत नईत.”

“मंग त्याले चहा पाज,” आबा म्हणाले. त्यांच्या अनुभवात तेवढ्याने बरंच काही सुधारायचं.

यशोधरा हसली, पण रात्री तिला झोप लागली नाही. कोड तिने इतक्या वेळा वाचलं होतं की डोळे मिटले तरी ओळी दिसायच्या. चूक सापडत नव्हती. आणि चूक सापडत नाही याचा अर्थ तिने एकच लावला होता, चूक सापडण्याएवढी आपली अक्कल नाही. पुण्या-मुंबईची मुलं हे करतात, भडगावच्या कंट्रोलरच्या पोरीने कशाला उंटाचा मुका घ्यायला जावं? हे तिला कुणी म्हटलं नव्हतं. ती स्वतःच स्वतःला म्हणत होती, आणि असलं बोलणं माणूस स्वतःला फार मन लावून ऐकवतो.

सोमवारी ती कॉलेजात आली ती विषय बदलायचं ठरवूनच. ड्रॉवर आवरताना नाना झाडू घेऊन आले.

“काय व्हयनं, ताई?”

“आते सोडी देस, नाना. नई जमत माले. चौधरी सरले आज सांगी टाकस.”

भटूनाना झाडू भिंतीला टेकवून तिथेच उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला. तिच्यासाठी उतरला म्हणावं तर त्यात थोडी तक्रारही होती, देवाबद्दल.

“असं कसं व्हई, ताई? तुमना मशीननी पूजा तं मी बठ्ठास्ना पहिले करी व्हती. खंडेनवमीले. बाकीना मशीनले नुसतं कुकू लावं नि फूल ठेवं. तुमनं मशीन मातर बठ्ठं खोलीसन पुसं, तेल लावं.”

यशोधराचा हात ड्रॉवरमध्येच थांबला. खंडेनवमीला ती इथे नव्हतीच. आबांना घेऊन ती जळगावहून नागपूरची गाडी पकडायला गेली होती, दीक्षाभूमीला. परत आली तेव्हा लॅबमध्ये झेंडूची चार सुकलेली फुलं होती, ती नेहमीच असतात. तिने ती केराच्या टोपलीत टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून आपलं नवं कोड तपासायला घेतलं.

“तेल? कुठे लावलं तेल, नाना?” घाईत ती प्रमाण मराठीवर आली.

“लोखंड जथा जथा फिरस तथा. मना बाप नांगरले लावे, मोटना चाकले लावे. तेल बिगर लोखंड चालस का? तुमना मशीनना मांगे ती तार शे ना, तिना टोकले एक टोपी शे, गोल फिरस. ती जाम व्हती. काढी, तेल टाकं, परत बसाडी. आते देखा, कशी मऊ फिरस.”

यशोधरा खाली वाकली. टेबलामागे हात घालून तिने तारेच्या टोकाची ती छोटी टोपी फिरवली. लोण्यासारखी फिरली. तिने ती काढून उजेडात धरली. आत खोबरेल, आणि त्या तेलात कालवलेलं कुंकू.

एका मशीनकडून दुसऱ्याकडे संदेश नेणाऱ्या त्या काळातल्या तारेला टोकाला ही टोपी घट्ट बसलेली लागायची. तिचा संपर्क नीट नसला की तारेतून गेलेला संदेश टोकाला आपटून माघारी यायचा आणि मागून येणाऱ्याला धडकायचा. धडक झाली की मशीन जरा थांबून तो पुन्हा पाठवायचं. फाइली पोचायच्या, म्हणून कुणाला शंका यायची नाही. पण वेळ मोजायला बसलेल्या माणसाचा सत्यानाश व्हायचा. तिचा कंट्रोलर अगदी वेळेवर उठत होता. गाडीही वेळेवर सुटत होती. रस्त्यात तेल सांडलं होतं.

तिने स्पिरिट आणलं, कापूस आणला, टोपी आणि जोड पुसून कोरडे केले. टोपी घट्ट बसवली. चाचणी लावली. नाना झाडू हातात घेऊन बघत राहिले, त्यांना काही कळत नव्हतं, पण काहीतरी बिघडवलंय हे कळलं होतं.

पडद्यावर पहिला ठिपका आला. दुसरा त्याच्या शेजारी. तिसरा त्याच ओळीत. ओळ सरकत गेली, सरळ, न डगमगता, पार दुसऱ्या टोकापर्यंत.

यशोधरा आधी हसली. मग तिने तोंडावर ओढणी धरली, आणि मग ती रडली, चांगली हुंदके देऊन. इतके दिवस छातीवर बसलेलं ओझं उतरलं होतं. आपण मूर्ख नाही. एवढंच तिला पाहिजे होतं, आणि ते तिला मिळालं होतं. एम.ई. काय, नोकरी काय, ते सगळं यानंतरचं.

“ताई, रडू नका ना,” नाना काकुळतीला आले. “मना मुये व्हयनं का हाई? साहेबले सांगू नका. गेटवर उभं ऱ्हावानी ताकद नई आते गुडघास्मा.”

“नाना, मी कोणाला काही सांगत नाही,” ती डोळे पुसत म्हणाली. “तुमी मनासाठे करं ना. ह्या बठ्ठा कॉलेजमा कोणी एवढं करं नई.”

पण प्रबंधात खोटं कसं लिहायचं? सुरुवातीची सगळी मोजमापं तिने बाद केली, आणि कारण लिहिलं, जोडात बाहेरचा पदार्थ शिरल्यामुळे. पदार्थाचं नाव लिहिलं नाही. कुणी शिरवला तेही नाही. एवढ्यावर भागेल असं तिला वाटलं होतं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक पुण्याहून आले होते, मऊ बोलणारे, जाड चष्म्याचे. त्यांनी नेमकं तेच पान उघडलं.

“बाहेरचा पदार्थ म्हणजे कसला हो?”

“तेल, सर,” यशोधरा म्हणाली. “खोबरेल.”

परीक्षक खळखळून हसले. चौधरी सर हसले नाहीत. त्यांना हे पहिल्यांदाच कळत होतं, तेही पाहुण्यांसमोर.

“लॅबमध्ये तेल? कोणी लावलं?”

दारात चहाचा ट्रे घेऊन भटूनाना उभे होते. कपबशा किणकिणल्या.

“सर, मशीन माझ्या ताब्यात होतं,” यशोधरा म्हणाली. “जोड तपासायचं काम माझं. मी ते केलं नाही. कोडमध्ये चूक शोधत बसले.”

“ते कळलं. मी विचारतोय कोणी लावलं?”

सही त्यांचीच होणार होती, कायम करायची शिफारसही त्यांच्याच हातची. तरी तिने नाव घेतलं नाही.

“मी लावं, साहेब,” दारातून नाना म्हणाले. मान खाली नव्हती. “खंडेनवमीले. बठ्ठास्ना मशीनले कुकू लावं, ताईना मशीनले तेल. त्यास्नं काम व्हवाले पाहिजे म्हनीसन. त्यास्ले काय बोलू नका.”

चौधरी सरांनी तोंड उघडलं. त्याआधीच परीक्षकांनी विचारलं, “मॅडम, आता तेल आहे का तिथे?”

“नाही, सर.”

“मग दाखवा की! तेलाचं काय घेऊन बसलाय?”

तिने चाचणी लावली. परीक्षक खुर्ची ओढून पडद्याजवळ गेले. चौधरी सरही उठून मागे उभे राहिले. आधी तिने जुन्या पद्धतीने संदेश सोडले, ते घोळक्या-घोळक्याने आले, आबांच्या झोपाळू कंट्रोलरने सोडल्यासारखे. मग नव्या पद्धतीने. ओळ सरळ उमटत गेली. परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“हे धुळ्यात बसून केलंत?”

“हो, सर.”

“छान केलंत,” ते म्हणाले. मग चौधरी सरांकडे वळून, “छानच झालंय हो. तुमच्या विभागाचं नाव होईल.”

चौधरी सरांचा चेहरा सैल पडला. रागावलेल्या माणसाला अभिमान वाटायला लागला की त्याला स्वतःचं काय करावं ते कळत नाही, तसं त्यांचं झालं. “बघू या,” असं काहीतरी ते पुटपुटले आणि दाराकडे बोट करून म्हणाले, “चहा आण रे आत. थंड होतोय.”

नाना आत आले. पाहुण्यांना पहिला कप, मग साहेबांना, तासिकावाल्यांना उरला तर, हा त्या खोलीचा शिरस्ता होता आणि तो नानांनीच इतकी वर्षं पाळला होता. ते परीक्षकांच्या खुर्चीवरून पुढे गेले, सरांच्या पुढून गेले, आणि पहिला कप यशोधरासमोर ठेवला. बशीत सांडलेला थेंब उपरण्याच्या टोकाने टिपला.

“ल्या, ताई.”

चौधरी सर बघत राहिले. मग हात लांबवून त्यांनी ट्रेमधला आपला कप स्वतःच उचलला.