हर्टची चिठ्ठी

जानेफळच्या शाळेत मी नववीला इंग्रजी शिकवते. शब्द पाठ करून घेत नाही, चिकटवायला लावते; माझी खोडच आहे ती. त्या दिवशी डॅमेज, इंज्युअर आणि हर्ट होते. तिन्ही इजा करणारेच, पण प्रत्येकाची जागा वेगळी. एकेकानं चिठ्ठी उचलायची आणि जिथं शोभेल तिथं चिकटवायची.

सोहमनं फुटक्या खिडकीला डॅमेज लावलं. संघर्षनं स्वतःच्या प्लास्टरवर इंज्युअर डकवून टाळ्या मिळवल्या. माझं लक्ष मात्र डिंपलकडे होतं. आदल्याच दिवशी तिची आई, मंजुळाबाई, मेथीची जुडी घेऊन घरी आली होती.

"मॅडम, पोरगी शाळा सोडतो म्हणते. काऊन, ते सांगत नाही. तुमीच इचारा."

"हल्लीच्या मुलांना काही सोसतच नाही," मी ऐटीत म्हणाले होते.

डिंपलनं हर्टची चिठ्ठी उचलली आणि ती घेऊन वर्गभर फिरली. "अगं चिकटव की, मुहूर्त काढायचाय का?" मी म्हटलं. मुलं हसली. ती सरळ माझ्या टेबलापाशी आली.

"मॅडम, आवाजाले कशी चिकटवू?"

"कुणाच्या आवाजाला?"

"तुमच्या. मी धडा वाचत होती, तवा तुमी माह्यासारखं वाचून दाखवलं. सगळे हासले."

मी तर ते विसरूनही गेले होते. आधी राग आला, खोटं कशाला बोलू? पण त्या पोरीकडे बघता बघता मी थक्क झाले. वीस वर्षं मी हा शब्द शिकवते आहे. तो नेमका कुठं लागतो, ते मला या चौदा वर्षांच्या मुलीनं दाखवलं. सगळा वर्ग बघत होता, तरी चिठ्ठी तिनं खाली ठेवली नव्हती. एवढं धैर्य माझ्यात कधीच नव्हतं.

"चुकलं माझं, डिंपल," मी सगळ्यांसमोर म्हटलं. मग माझं पुस्तक तिच्या हातात दिलं. "तोच धडा वाच. तुझ्या पद्धतीनं."

तिनं वाचला. मागं कुणीतरी खुदकन हसलं. ती थांबली, वळून पाहिलं आणि पुढं वाचू लागली.

घंटा झाल्यावर ती चिठ्ठी मी तिच्याकडून मागून घेतली आणि हजेरीपुस्तकात आतून चिकटवली. ती शाळेत राहणार की नाही, हे विचारायची मात्र हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना तिच्या नावाशी माझा आवाज अडखळला.

"येस मॅडम," डिंपल म्हणाली.