तिखटमीठ लावलेली बातमी

आमच्या गावात इंग्रजी पेपर वाचणारे थोडे. सकाळी सगळे रेडिओ लावतात. घानातल्या कुमासी शहराहून आलेल्या पेपरातले मथळे ओफोसू रेडिओवर वाचतो आणि आपल्या ट्वी भाषेत समजावून सांगतो. सांगता सांगता तिखटमीठ लावतो, म्हणून तर केंके, म्हणजे मक्याचे आंबवलेले उंडे, विकणाऱ्या बायका त्याच्यावर खूश.

त्या दिवशी मथळा होता, ‘जिल्हा अधिकाऱ्यांनी नर्स डुफी यांना कॅस्टिगेट केलं’. मोठा भारदस्त शब्द. अर्थ एवढाच, की चुकीबद्दल कडक शब्दांत कान उपटले. चूकही खाली छापली होती: आमच्या गावचा दवाखाना उशिरा उघडला. पण तेवढ्यावर थांबेल तो ओफोसू कसला!

“ऐका हो, साहेबांनी बाईची बिनपाण्याने केली. म्हणाले, तू नर्स नाहीस, लेकरांच्या जिवावर उठलेली कैदाशीण आहेस.”

दुपारी ओफोसू घरी येतो तर दिवस भरलेली धाकटी बहीण कोनाडू भिंतीला धरून कळा सोसतेय.

“अगं, दवाखान्यात नाही गेलीस?”

“त्या बाईच्या हाती माझं लेकरू देऊ? दादा, सकाळी तूच तर सांगितलंस.”

ओफोसूने कपाळावर हात मारला.

“अगं, ते मी जरा रंगवून सांगितलं होतं.”

कोपऱ्यातून वडील, नाना ताची, बोलले. आमच्याकडे दरबारात राजा लोकांशी थेट बोलत नाही. त्याचं बोलणं लोकांपर्यंत नेण्यात नानांचा जन्म गेला.

“राजा चिडला की वाट्टेल ते बोलायचा. मी समोरच्याला सांगायचो, तुझं अमुक काम चुकलं, सुधार. चूक पुरती पोचवायची, अब्रूला हात लावायचा नाही. तू उलटं केलंस. राग होता कामावरचा, तू माणूस सोललास.”

“लोकांना मजा येते, नाना.”

“मग त्या मजा घेणाऱ्यांनाच बोलाव बाळंतपणाला.”

ओफोसू धावत सुटला. दवाखान्याच्या पायरीवर कुणीतरी उकिरडा ओतला होता. आत डुफी कपडे पिशवीत भरत होती. त्याने खाली मान घालून सगळं सांगितलं.

“उशीर झाला, ते मी साहेबांपुढे कबूल केलं,” ती म्हणाली. “त्यांचं बोलणं मला लागलं, पण पटलंही. आज मात्र ज्यांची बाळंतपणं मी केली, त्यांनी माझ्या दारात घाण टाकली.” मग तिने पिशवीतून हातमोजे बाहेर काढले. “कोनाडूला कळा कधीपासून येतायत?”

मुलगी झाली. दोघी सुखरूप. दुसऱ्या सकाळी ओफोसूने रेडिओवर सांगितलं, “दवाखाना उशिरा उघडला म्हणून साहेब रागावले, एवढंच पेपरात होतं. बाकीचं माझ्या पदरचं.”

मंडळी, चुकणाऱ्याचे कान जरूर उपटावेत, नाहीतर दवाखाने वेळेवर उघडणार नाहीत. पण दुसऱ्याचा राग पुढे नेताना त्यात आपलं तिखट घालू नये. ते कुणाच्या डोळ्यांत जाईल, सांगता येत नाही.

हल्ली ओफोसूच्या बातम्या अळणी लागतात, अशी बायकांची तक्रार आहे. डुफी मात्र अजून आमच्याच गावात आहे.