अण्णांच्या मोबाईलवरची दीर्घिका

कितपत उजळ ठिपका ठेवायचा, तो आकडा शिवकन्यानं कॉम्प्युटरवर आणखी थोडा वर नेला, तशी पडद्यावरची दीर्घिका पुसली गेली. मधोमध एकच ठिपका उरला.

"गेली बघ," शेजारी बसलेली प्रभावती म्हणाली. जुन्या जालन्यातला हा कॉम्प्युटर क्लास तिचाच. दोघी कॉलेजात एका बाकावर बसायच्या. प्रभावतीनं इथं क्लास काढला आणि शिवकन्या पुण्याला जाऊन दुर्बिणीच्या मागं लागली.

तिनं पुण्याहून आणलेल्या सीडीवरची फाइल तिनंच काढलेल्या फोटोची, थेट त्या दुर्बिणीतून आलेली होती. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत तिच्यात हजारो छटा होत्या. तिच्या वडिलांच्या, अण्णांच्या, मोबाईलच्या इवल्याशा हिरवट पडद्याला मात्र दोनच गोष्टी कळत: ठिपका आहे, नाहीतर नाही. आकडा खाली आणला की सगळा पडदा ठिपक्यांनी भरून काळा होई. वर नेला की तारे एकेक करून गळून जात.

अण्णासाहेब जाफराबादच्या गाडीवर कंडक्टर होते. पोरीनं बी.एड. करावं, जवळच्याच शाळेत लागावं, असं ते गाडीत सगळ्यांना सांगत. पुण्याला ती काय करते, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नव्हतं. म्हणून तर शिवकन्याला आपलं काम त्यांच्या खिशात ठेवून द्यायचं होतं.

शेवटी तिनं कंटाळून सीडीवरचा शनी घेतला. तो पहिल्याच झटक्यात कड्यासकट छान उमटला.

दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात अण्णासाहेब खाकी कपड्यांतच क्लासवर आले. प्रभावतीनं मोबाईलला केबल लावली, चित्र आत गेलं. अण्णांनी मोबाईल हातभर लांब धरून पाहिला.

"शनी हाय. बराबर आलाय. तू काढला?"

"न्हाई अण्णा. हा तयारच होता."

"मंग तू काढलेला कुठाय?"

शिवकन्यानं प्रभावतीकडं पाहिलं. "तो ह्याच्यात बरा दिसत न्हाई. नुसता डाग दिसतो."

"दिसू दे. शनी काय, पंचांगातबी असतो. तुझा टाक."

ती पुन्हा खुर्चीवर बसली. या खेपेला तिनं सुंदर दिसण्याचा नाद सोडला. आकडा मध्यावर ठेवला आणि कडेचे ठिपके रांगोळीसारखे विरळ भुरभुरू दिले. एक तिरका, धूसर डाग तयार झाला. प्रभावतीनं तो मोबाईलवर टाकला. अण्णांनी तो बराच वेळ न्याहाळला, मोबाईल वरच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "चल, गाडीची येळ झाली."

आवडला की नाही, ते काही कळलं नाही. शिवकन्या गाडीत मागच्या खिडकीशी जाऊन बसली. गाव मागं पडलं, तिकिटं फाडून झाली. एका फाट्यावर गाडी थांबली, तेव्हा अण्णांनी वेळ बघायला मोबाईल काढला. पुढच्या बाकावर रोजचे पुंजाराम बसले होते. त्यांनी मान वाकडी करून पाहिलं.

"अण्णासाहेब, मोबाईल पाण्यात पडल्ता काय? काच खराब दिसून राह्यली."

"खराब न्हाई ती. आमच्या पोरीनं काढलेला फोटो हाय. दुर्बिणीतून."

"तुमची पोरगी तर मास्तरीण होणार म्हणत होतात."

"म्या म्हणत होतो," अण्णासाहेब म्हणाले. "ती हे करते."

"पर हे हाय काय?"

अण्णासाहेबांनी मागं वळून हाक मारली, "शिवकन्या, इकडं ये. ह्यांना सांग."

बाकांचे दांडे धरत ती पुढं आली. मोबाईल हातात घेऊन तिनं सांगायला सुरुवात केली. हा डाग म्हणजे तारेच आहेत, आपल्या सूर्यासारखे. इतके दूर, की त्यांचा उजेड तिथून निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूसच नव्हता. पुंजारामांनी टोपी मागं सारली. पलीकडची बाई लेकराला कडेवर घेऊन जवळ सरकली. "मला बी दावा," कुणीतरी मागून म्हणालं.

उतरणारे उतरले, चढणारे चढले, दार लागलं. घंटी काही वाजेना. ड्रायव्हर साहेबरावांनी मान वळवली.

"अण्णासाहेब, निघायचं न्हाई का?"

अण्णासाहेब तिकिटांची पेटी मांडीवर घेऊन पुंजारामांच्या शेजारी बसले होते.

"थांब जरा," ते म्हणाले. "पोरगी सांगून राह्यली."